एका सेटवर दोन भाषा



चित्रपट दिग्दर्शक व्ही. शांताराम, म्हणजे आपले शांतारामबापू, यांच्यावर बोलायला उभं राहिलं की काय सांगावं यापेक्षा काय गाळावं हाच प्रश्न पडतो. १९०१ च्या नोव्हेंबरात कोल्हापुरात जन्म. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत उमेदवारी. १९२७ साली ‘नेताजी पालकर’पासून दिग्दर्शन, १९२९ साली ‘प्रभात’ ही चित्रपट कंपनी, १९४२ साली स्वतःची ‘राजकमल’, १९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार, १९९० च्या ऑक्टोबरात निधन आणि मागाहून पद्मविभूषण. महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने ‘चित्रपती’ पुरस्कार देतं. पुण्यात प्रभात रोड आहे. ही सगळी माहिती तुम्हाला आहे, आणि ‘शांतारामा’ हे त्यांचं आत्मचरित्र तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल.

म्हणून आज मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. तिच्याबद्दल आपण फारसं बोलत नाही, आणि माझ्या मते बापूंच्या कारकिर्दीचा कणा तीच आहे. १९३२ पासून १९४१ पर्यंत या माणसाने आपले बहुतेक महत्त्वाचे चित्रपट दोनदा केले. एकदा मराठीत आणि एकदा हिंदीत. आज जसं एका भाषेतल्या चित्रपटावर दुसऱ्या भाषेतला आवाज चढवतात तसं नव्हे. तोच सेट, तेच कपडे, तीच प्रकाशयोजना, आणि प्रत्येक बोलता प्रसंग दोन वेळा, दोन भाषांत चित्रित केलेला. ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अयोध्या का राजा’. ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’. ‘माणूस’ आणि ‘आदमी’. ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. ‘मायामच्छिंद्र’, ‘अमृतमंथन’, ‘धर्मात्मा’ तर दोन्ही भाषांत एकाच नावाने आले. याला अपवाद आहेत. १९३३ चा ‘सिंहगड’ फक्त मराठीत होता, १९३६ चा ‘अमरज्योती’ फक्त हिंदीत. पण रीत दोन भाषांची होती.

ही रीत एकट्या प्रभातची नव्हती. कलकत्त्याला न्यू थिएटर्सने १९३५ साली ‘देवदास’ बंगालीत आणि हिंदीत केला. बंगालीत प्रमथेश बरुआ स्वतः देवदास झाले, हिंदीत सैगल. मद्रासकडेही असे प्रयोग होत होते. बोलपट आला तेव्हा सगळ्याच निर्मात्यांपुढे एकच पेच होता. मूकपट पेशावरपासून मद्रासपर्यंत कुठेही चालायचा, मधल्या पाट्या तेवढ्या बदलल्या की झालं. चित्रपट बोलू लागला आणि बाजाराचे तुकडे पडले. मराठीत बोलावं तर प्रेक्षक महाराष्ट्रापुरता, हिंदीत बोलावं तर घरचा माणूस दुरावतो. प्रभातने ठरवलं, दोन्ही करायचं.

हे परवडलं कसं, ते नीट समजून घ्यायला हवं. त्याशिवाय पुढे काय गमावलं ते कळणार नाही.

१ जून १९२९ ला कोल्हापुरात पाच जणांनी प्रभात काढली. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर, शांताराम वणकुद्रे आणि भांडवल घालणारे सीतारामपंत कुलकर्णी. पहिले चौघे बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले. पेंटरांच्या कंपनीत नट, रंगारी, सुतार, कॅमेरामन अशी कामाची काटेकोर वाटणी नसे. ज्या हाताला जे येईल ते त्याने करायचं. बापूंनी तिथे किरकोळ कामापासून अभिनयापर्यंत सगळं केलं. १९२५ च्या ‘सावकारी पाश’मधला नागवला गेलेला तरुण शेतकरी म्हणजे बापूच. या शाळेतून आलेल्या माणसांनी प्रभातमध्ये दामल्यांकडे ध्वनी दिला, फत्तेलालांकडे कलादिग्दर्शन. १९३३ साली कंपनी पुण्याला आली आणि आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तिथे तिचा स्टुडिओ उभा राहिला. नटांपासून सुतारांपर्यंत सगळे मासिक पगारावर. गावच वसलं म्हणा ना.

आता हिशेब करा. पगार महिन्याचा आहे, सेट उभा आहे, दिवे लागलेले आहेत, कॅमेरा लावलेला आहे. मराठीतला शॉट मनासारखा झाला. त्याच जागी, त्याच उजेडात तोच प्रसंग हिंदीत घ्यायचा तर जादा खर्च कशाचा? कच्च्या फिल्मचा आणि वेळेचा. ज्या प्रसंगात कुणी बोलत नाही, म्हणजे गर्दी, घोडदौड, पाणी, आकाश, त्याचं चित्रण दोन्हीकडे चालतं. म्हणजे दुसरा चित्रपट पहिल्याच्या पाठीवर बसून येतो आणि त्याला बाजार मात्र सबंध देशाचा मिळतो. मराठी चित्रपटाला मिळालेला तो भव्य सेट, ते संगीत, तो कॅमेरा, हे सगळं मराठी बाजाराच्या ऐपतीबाहेरचं होतं. हिंदीच्या कमाईच्या भरवशावर ते मराठी प्रेक्षकाला मिळालं. इतिहास सांगताना आपण प्रभातच्या वैभवाचं कौतुक करतो, त्या वैभवाचा हा हिशेब सांगत नाही.

सुरुवातीच्या वर्षांत यात आणखी एक जाच होता. पार्श्वगायनाचं तंत्र आपल्याकडे १९३५ च्या आसपास आलं. ‘अयोध्येचा राजा’ त्याच्या आधीचा, फेब्रुवारी १९३२ चा. मराठीतला पहिला बोलपट तो हाच. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र होते, संगीतही त्यांचंच. तारामती होत्या दुर्गा खोटे. नटाने कॅमेऱ्यासमोरच गायचं, वादकांनी चौकटीच्या बाहेर दडून साथ करायची, आणि सगळं एकदम ध्वनिमुद्रित व्हायचं. एक सूर चुकला की शॉट पहिल्यापासून. हे दोन भाषांत करायचं म्हणजे गाणंही दोनदा, तितक्याच जिवावर उदार होऊन. त्या पिढीच्या नटांची तयारी काय असेल याचा अंदाज आज आपल्याला बसत नाही.

इथे थोडं थांबून ‘अमृतमंथन’ जवळून पाहू.

१९३४ चा हा चित्रपट पुण्याच्या स्टुडिओतला पहिला. त्याच्या आदल्या वर्षी ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा बापूंचा प्रयत्न फसला होता. त्या निमित्ताने ते जर्मनीला जाऊन आले, तिथले स्टुडिओ पाहून आले. ‘अमृतमंथन’ची छायाप्रकाशाची सगळी मांडणी त्या प्रवासाची आठवण देते. बळी देण्याची प्रथा राजाने बंद केली आहे आणि चंडिकेचा राजगुरू ते मानायला तयार नाही, ही कथा. अंधाऱ्या गुहेत पुजारी जमले आहेत, मशाली जळताहेत, आणि दूरदर्शी भिंगातून पडद्यावर राजगुरूचा एकच डोळा येतो. पडदाभर. बाकी चेहरा नाही, शरीर नाही. माणसाच्या श्रद्धेतलं क्रौर्य किती जवळून दाखवता येतं याचा भारतीय पडद्यावरचा हा पहिला धडा असावा.

हिंदीत हा राजगुरू चंद्रमोहन. त्यांचा तो पहिला चित्रपट. घारे डोळे, घुमणारा आवाज, उर्दूचा तालेवार उच्चार. मराठीत राजगुरू केशवराव दाते. दाते रंगभूमीवरचे, नाट्यमन्वंतराच्या ‘आंधळ्यांची शाळा’ने मराठी नाटकात वास्तव अभिनयाचं जे वारं आणलं त्यातले. एकच भूमिका, एकच सेट आणि अभिनयाच्या दोन तऱ्हा. चंद्रमोहन यांचा राजगुरू अंगावर येतो. आवाज, डोळे, उभं राहणं यांतूनच त्याचा दरारा. दात्यांची घडण वेगळी. शब्द तोलून टाकायचा, न बोलता जास्त सांगायचं. बापूंनी एकाला दुसऱ्याची नक्कल करायला लावली नाही. दोन भाषांत करायचं तर दोन माणसं घ्यायची, आणि ज्याचं जे आहे ते त्याच्याकडून काढायचं, हे त्यांनी त्या वयात ओळखलं होतं. तेव्हा ते तेहतीस वर्षांचे होते.

असं काम रोज करणाऱ्या दिग्दर्शकाच्या हातून काय घडत असेल? एक प्रसंग दोनदा घ्यायचा म्हणजे त्याचा दोनदा विचार करावा लागतो. यातला कुठला भाग शब्दांवर उभा आहे आणि कुठला चित्रावर, हे तिथल्या तिथे उघडं पडतं. शब्द बदलले तरी टिकतं ते खरं चित्रपटाचं. माझं असं ठाम मत आहे की बापूंच्या तिशीतल्या चित्रपटांना जो नेमकेपणा आहे, फापटपसारा नसलेला जो कस आहे, तो या दुहेरी कष्टातून आला.

‘कुंकू’ हा त्याचा सर्वांत मोठा पुरावा. १९३७ सालचा हा चित्रपट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा. पोरक्या नीराचं लग्न फसवून म्हाताऱ्या वकिलाशी, काकासाहेबांशी लावलं जातं आणि ती हे लग्न मानायला साफ नकार देते. ती रडत बसत नाही, जीव देत नाही. घरात राहते, जेवते, सावत्र मुलाच्या आगळिकीला छडीने उत्तर देते, आणि पत्नी म्हणून वागायचं मात्र नाकारते. शांता आपटे आणि केशवराव दाते दोन्ही भाषांत तेच. दात्यांचे काकासाहेब खलनायक नाहीत. आपण काय करून बसलो हे हळूहळू उमगत जाणारा, लाजणारा, खचणारा वृद्ध आहे तो. नीराच्या विधवा सावत्र मुलीचं काम रँग्लर परांजप्यांच्या कन्या शकुंतला परांजपे यांनी केलं. त्या प्रत्यक्ष आयुष्यातही समाजकार्य करणाऱ्या होत्या आणि पडद्यावरही तशाच उभ्या राहिल्या.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. तुम्ही पुन्हा पाहाल तेव्हा कान देऊन पाहा. संगीतकार केशवराव भोळे, म्हणजे संगीताची वाण नव्हती. तरीही प्रसंगाखाली भावना भरायला वाद्यवृंद नाही. घरात जे वाजतं तेच वाजतं. भिंतीवरचं जुनं घड्याळ, पावलं, दार, भांडी, रस्त्यावरून येणारे आवाज. ते घड्याळ काकासाहेबांच्या वयाचा हिशेब सबंध चित्रपटभर ठेवतं. १९३७ साली, जेव्हा चित्रपट म्हणजे गाणी आणि वाद्यं असंच समीकरण होतं, तेव्हा घराच्या आवाजांवर चित्रपट तोलून धरायला केवढी हिंमत लागली असेल! आणि हेही लक्षात घ्या की घड्याळाची टिकटिक मराठीतही तीच आणि हिंदीतही तीच. वाड्याचं जोतं, माजघर, ओसरी आहे तशी हिंदी प्रेक्षकापुढे गेली. तिला कुठलाही ‘अखिल भारतीय’ मुलामा दिला नाही. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरातली मुलगी उत्तरेतल्या प्रेक्षकाला कळली, कारण ती आधी पुण्यातली म्हणून नीट कळलेली होती.

‘माणूस’ची गोष्ट याच रस्त्याने पुढे जाते. १९३९ सालचा हा चित्रपट. ‘देवदास’ने त्या वेळी तरुणांना झुरायला शिकवलं होतं. बापूंना ते मान्य नव्हतं. त्यांनी पोलीस शिपाई आणि वेश्या यांची कथा घेतली. शाहू मोडक शिपाई गणपत, शांता हुबळीकर मैना. प्रेम आहे, ते तडीला जात नाही, आणि तरीही माणसाने कामावर परत जायचं, जगायचं. गणपत तिला आपल्या आईकडे नेतो, त्या सोवळ्या घरात मैनेचं अवघडलेपण पाहताना आजही जीव गलबलतो. हिंदीतही हीच जोडी. या चित्रपटातलं मैनेचं ते प्रसिद्ध गाणं तुम्हा सर्वांना पाठ आहे, मी म्हणून दाखवण्याची गरज नाही. पण ते गाणं एकाच भाषेत नाही, हे आपण विसरतो. कोठ्यावर येणारी गिऱ्हाइकं नाना प्रांतांची, म्हणून मैना एकेक कडवं एकेका भाषेत गाते. मुंबईच्या वस्तीत भाषा कशा एकमेकींना लागून राहतात हे बापूंनी एका गाण्यात दाखवलं. दोन भाषांत रोज काम करणाऱ्या दिग्दर्शकालाच हे असं दिसलं.

आणि मग ‘शेजारी’. १९४१. आदल्याच वर्षी लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झाला होता. विश्राम बेडेकरांनी लिहिलेली कथा एका गावातल्या दोन म्हाताऱ्या मित्रांची, एक पाटील आणि एक मिर्झा. गावात धरण बांधायला आलेला भांडवलदार या दोघांत फूट पाडतो, आणि शेवटी धरण फुटतं तेव्हा दोघे एकमेकांचा हात धरून मरतात. मराठीत केशवराव दाते पाटील आणि गजानन जागीरदार मिर्झा. हिंदीत मिर्झा जागीरदारच, पण त्यांचा हिंदू मित्र ठाकूर झाले मजहर खान. म्हणजे ‘पडोसी’त मुसलमान नटाने हिंदू केला आणि हिंदू नटाने मुसलमान. त्या वर्षी, त्या हवेत, हे पात्रवाटप म्हणजेच अर्धं विधान होतं. बापूंनी त्यावर वेगळं भाषण केलं नाही. तशी गरजही नव्हती.

‘शेजारी’नंतर बापू प्रभातमधून बाहेर पडले. मतभेद होते, घरगुती आणि व्यावसायिक, ते पुष्कळदा चघळून झाले आहेत, त्यात मी जाणार नाही. १९४२ साली परळला वाडिया मूव्हिटोनच्या जागेत ‘राजकमल कलामंदिर’ उभं राहिलं. वडील राजाराम आणि आई कमला यांच्या नावावरून ते नाव. पहिला चित्रपट ‘शकुंतला’, १९४३, हिंदी. मुंबईच्या स्वस्तिक चित्रपटगृहात तो १०४ आठवडे चालला.

इथे ती दोन भाषांची रीत मोडली.

कारणं समजण्यासारखी आहेत. युद्धामुळे कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आलं, चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर बांधली गेली. जिथे एका चित्रपटाच्या फिल्मचे वांधे तिथे दुसऱ्या भाषेची चैन कोण करणार? पुढे मुंबईत स्टुडिओची पगारी व्यवस्था ढासळली, नट चित्रपटागणिक पैसे घेऊ लागले. मग दुसऱ्या भाषेतला शॉट म्हणजे दुसरी बिदागी. ज्या हिशेबावर प्रभातची दोन भाषांची घडी बसली होती तो हिशेबच उरला नाही. मी बापूंना दोष देत नाही. पण झालं काय ते बघू.

‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ घ्या. १९४६. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरचा हा चित्रपट. बापूंनी कोटणीसांची भूमिका स्वतः केली. चित्रपट मोलाचा आहे, याबद्दल दुमत नाही. त्याची एक इंग्रजी आवृत्तीही निघाली. हिंदी झाली, इंग्रजी झाली आणि सोलापूरच्या माणसाची कथा मराठीत मात्र झाली नाही. पाचच वर्षांपूर्वी हे घडलं असतं असं मला वाटत नाही.

मराठीत बापू आले ते ‘लोकशाहीर रामजोशी’ घेऊन, १९४७ साली. दिग्दर्शन बाबूराव पेंटरांनी सुरू केलं आणि बापूंनी पुरं केलं. गुरूच्या हातचं काम शिष्याने हाती घेतलं. जयराम शिलेदार, हंसा वाडकर, गदिमांची लेखणी, आणि महाराष्ट्रभर लोटलेली गर्दी. हिंदीतही तो निघाला. १९५१ चा होनाजी बाळावरचा ‘अमर भूपाळी’ मराठीत आणि बंगालीत झाला आणि कान महोत्सवाच्या स्पर्धेत गेला. दोन्ही फार सुरेख चित्रपट. दोन्हींना वसंत देसाईंचं संगीत आहे, ‘अमर भूपाळी’त लताबाईंचा आवाज आहे. पण पाहा, मराठी म्हटल्यावर आता बापूंना शाहीर आठवतो, तमाशा आठवतो, पेशवाई आठवते. शहरातलं घर, वकील, पोलीस शिपाई, खेड्यातलं धरण, म्हणजे आजचं जगणं, ते हिंदीकडे गेलं. ‘रामजोशी’च्या यशाने मराठी निर्मात्यांना एक हुकमी वाट दाखवली आणि पुढची पंचवीस-तीस वर्षं मराठी चित्रपट फड, पाटील आणि लावणी यांच्यापाशी घुटमळत राहिला. त्यात उत्तम चित्रपट झाले, मी ते आवडीने पाहतो. पण ‘कुंकू’ची वाट पुढे कुणी चालली नाही, याची हळहळ मला वाटते.

हिंदीचंही काही गेलं. बापूंच्या उत्तरकाळातल्या चित्रपटांवर भपक्याचा आरोप होतो. ‘झनक झनक पायल बाजे’ १९५५ चा, टेक्निकलरमधला, गोपीकृष्णांचं नृत्य, संध्याबाईंची मेहनत. लोकांनी तो डोक्यावर घेतला. ‘नवरंग’ १९५९. त्यांतला रंगांचा उत्सव मला परका नाही, आणि अशा नृत्याला पडद्यावर एवढा मान देणारा दुसरा दिग्दर्शक त्या काळात नव्हता. पण ही माणसं कुठल्या गावची? कुठल्या घरात राहतात? त्यांना पत्ता नाही. काकासाहेबांना पत्ता होता. मराठी आवृत्ती बरोबर असायची तेव्हा बापूंना प्रत्येक प्रसंग घरच्या प्रेक्षकापुढे खरा करून दाखवावा लागे. पुण्या-कोल्हापुरातली बाई पदर कसा घेते, शिपाई टोपी कशी काढतो, यात चूक झाली तर घरचा माणूस हसला असता. तो धाक गेला आणि नक्षी वाढली.

याविरुद्ध दोन गोष्टी मांडता येतील. दोन्हींना वजन आहे. पहिली ‘संत तुकाराम’. १९३६ साली प्रभातमध्येच दामले-फत्तेलाल यांनी तो एकट्या मराठीत केला, मुंबईच्या सेंट्रलमध्ये तो वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ साली व्हेनिसला त्याची खास दखल घेतली गेली. म्हणजे एका भाषेतही जगाला पुरून उरणारं काम होतं. खरंच आहे. पण तो ज्या स्टुडिओत झाला, तो स्टुडिओ दोन भाषांच्या कमाईवर उभा होता.

दुसरी ‘दो आँखें बारह हाथ’. १९५७, फक्त हिंदी, आणि बापूंच्या सर्वश्रेष्ठ चित्रपटांतला एक. बर्लिनला रौप्य अस्वल, इकडे राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. पण हा चित्रपट आला कुठून? औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत होती. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करत ठेवण्याचा तो प्रयोग. माणदेशात जन्मलेल्या गदिमांनी त्यावर कथा लिहिली. सहा खुनी कैदी, एक जेलर आणि पडीक जमीन. बापूंच्या उत्तरकाळातला हिंदी चित्रपट जिथे पुन्हा जमिनीवर पाय रोवतो, तिथे ती जमीन माणदेशची निघते. मला यात माझ्या म्हणण्याला आधारच दिसतो.

१९५३ च्या ‘तीन बत्ती चार रास्ता’चाही उल्लेख करायला हवा. एका घरात मराठी, गुजराती, बंगाली अशा वेगवेगळ्या प्रांतांतल्या सुना नांदतात. त्याच वर्षाच्या अखेरीस राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. भाषांचा प्रश्न देशाच्या दाराशी उभा होता आणि बापूंच्या मनात तो सुटलेला नव्हता. पूर्वी जो प्रश्न ते कॅमेऱ्याने सोडवत, तो आता कथानकात आला.

आणि वयाच्या सत्तरीत त्यांनी जुनी रीत पुन्हा उचलली. ‘पिंजरा’, १९७२. जर्मन ‘ब्लू एंजल’चं बीज घेऊन शंकर पाटलांचे संवाद, राम कदमांचं संगीत, खेबूडकरांची गीतं. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, संध्या. मराठीत जो इतिहास घडला तो सांगायला नको. लगेच दुसऱ्या वर्षी हिंदी ‘पिंजरा’ आला आणि तो तसा लागला नाही. तेच नट, तीच कथा. चाळीस वर्षांपूर्वी ज्या दाराने मराठी घर हिंदीत सहज शिरत असे ते आता बंद झालं होतं. हिंदीचा प्रेक्षक आता तारे बघायला येत होता. एका गावातला आदर्श शिक्षक स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली उभा राहतो आणि गाव त्याचाच पुतळा उभारतं, एवढी जबर कल्पना असूनही.

आज आपल्याकडे मराठी चित्रपट गाजला की त्याचे हक्क विकले जातात. ‘सैराट’ आला २०१६ साली, दोन वर्षांनी दुसऱ्याच मंडळींनी हिंदीत ‘धडक’ केला. गाव बदललं, जात पुसट झाली. कुणावर टीका म्हणून हे सांगत नाही. पण ‘कुंकू’चा दिग्दर्शक ‘दुनिया न माने’ दुसऱ्याच्या हाती देत नव्हता. मराठी आणि हिंदी यांतलं एक मूळ आणि दुसरं नक्कल, असं त्याच्या सेटवर नव्हतं. दोन्ही एकाच दिवशी, एकाच उजेडात जन्मायचे. आज डिजिटल कॅमेऱ्यामुळे कच्च्या फिल्मचा खर्च उरलेला नाही. दुसरा टेक घ्यायला आता वेळ, बिदागी, नटाची तयारी आणि दिग्दर्शकाची इच्छा एवढंच लागतं. हे कुणी करून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

शेवटी एक सूचना मांडतो. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट प्रभातच्या जागेत आहे, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय तिथून हाकेच्या अंतरावर आहे. बापूंच्या नावाचे सत्कार होतात, महोत्सवांत ‘दो आँखें बारह हाथ’ दाखवला जातो. पण ‘माणूस’ आणि ‘आदमी’, ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ या जोड्या एका दिवशी, एकापाठोपाठ दाखवण्याची प्रथा आपल्याकडे पडली नाही. सकाळी मराठी, दुपारी हिंदी. विद्यार्थ्यांनी वही घेऊन बसावं आणि टिपावं, कुठे कॅमेरा जागचा हलला, कुठे नटाचा हात वेगळा पडला, कुठलं वाक्य मराठीत आहे आणि हिंदीत गाळलं. असं पाहिल्याशिवाय बापूंच्या दिग्दर्शनावर मत देणं मला अपुरं वाटतं. या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी पुढच्या वर्षी माझ्यासारख्या वक्त्याऐवजी असा एक दिवस ठेवावा. प्रास्ताविकाची दहा मिनिटं पुरतील, बाकीचा वेळ पडद्याला द्यावा. दोन चित्रपटांच्या मधल्या वेळात चर्चा तुमची तुम्हीच कराल.